काशीच्या मराठी पायऱ्या

गिरगावातील जुन्या चाळींच्या खोल्यांतून, देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाच्या आणि अन्नपूर्णेच्या पाठीमागे, तोंड लाखेने बंद केलेला एक तांब्याचा लहानसा गडू अगदी परवापरवापर्यंत हटकून दिसे. घरातले कोणी वडीलधारे काशीस जाऊन आल्याचे ते निशाण असे. यात्रा पुरी झाली की मावंदे होई, गंगापूजन होई, चाळीतल्या बिऱ्हाडांना प्रसाद आणि काळे गंडे वाटले जात, आणि त्यानंतर तो गडू, मरणोन्मुखाच्या मुखी दोन थेंब घालण्याची वेळ येईपर्यंत, तसाच बंद राही. सोडमुंजीत छत्री-काठी घेऊन बटू काशीस निघतो आणि मामाने मुलगी देऊ केली म्हणजे चार पावलांवरून माघारी वळतो, हा विनोद तर आपण सगळ्यांनीच पाहिलेला आहे. ज्या क्षेत्राचे नाव जन्मापासून मरणापर्यंत असे घरात वावरत असते, तेथे प्रत्यक्ष जाण्याचे मात्र बहुतेकांकडून राहून जाते. आणि जे जातात ते पुराणातली काशी पाहण्याच्या इच्छेने जातात, प्रत्यक्षात आपल्याच पणजोबा-खापरपणजोबांच्या काळातले मराठी बांधकाम पाहून येतात, आणि ते मराठी होते हे बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही.

मुंबईहून काशी आज जेमतेम सव्वा दिवसाच्या अंतरावर आहे. बोरीबंदरहून मध्यरात्री सुटणाऱ्या महानगरी एक्स्प्रेसमध्ये दादरला चढलेला गृहस्थ मनमाड, भुसावळ, इटारसी, जबलपूर असा मुलूख झोपेत आणि चहाच्या पेल्यांत ओलांडून दुसऱ्या पहाटे गंगेवरच्या पुलावर येतो. या सुखाचे मोल कळावयाचे असेल तर पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ वाचावा. कर्ज फेडावयाचे, यज्ञातली दक्षिणा मिळवावयाची म्हणून हे भिक्षुक गृहस्थ 1857 साली उत्तरेकडे निघाले, ते नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला, लुटले गेले, आणि तरीही अखेर गंगेची कावड घेऊनच घरी परतले. त्यानंतर पुरती पंधरा वर्षेही लोटली नाहीत तोच, 1870 च्या मार्चमध्ये, मुंबईकडची ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे आणि कलकत्त्याकडची ईस्ट इंडियन रेल्वे यांचे रूळ जबलपूरला जोडले गेले. या पहिल्या कंपनीच्या स्थापनेसाठी झटलेल्यांत आमच्या गिरगावचे नाना शंकरशेट होते. पण ते 1865 सालीच निवर्तले होते, त्यामुळे मुंबईचा यात्रेकरू आगगाडीने काशीस जाताना पाहण्याचा योग त्यांना लाभला नाही. गंगेवरचा रेल्वेचा पूल तर 1887 चा. तोवर कलकत्त्याच्या बाजूने आलेला यात्रेकरू पैलतीरी उतरे आणि नावेतून क्षेत्रात प्रवेश करी, आणि मला वाटते, काशीत शिरण्याची ती रीतच अधिक बरी होती.

कारण काशी पाहावी ती पाण्यातून. हिमालयातून निघून पूर्वेकडे वाहत जाणारी गंगा येथे वळण घेऊन उत्तरवाहिनी होते, आणि तिचा पश्चिमेकडचा काठ चुनखडीच्या कठीण खड्यांनी बांधलेल्या मातीचा, उंच आणि टणक असल्यामुळे शतकानुशतके पुराचे तडाखे सोसूनही तो फारसा ढासळलेला नाही. समोरचा काठ सखल, वाळूचा, दरसाल पुराखाली जाणारा, म्हणून तो मोकळाच राहिला. परिणामी सूर्य उगवतो तो समोरच्या ओसाड वाळूवर, आणि त्याचे पहिले ऊन पडते ते अस्सीपासून राजघाटापर्यंत पसरलेल्या ऐंशीहून अधिक घाटांवर. मध्ये काहीच आड येत नाही. भूगोलाने केलेली ही व्यवस्था इतकी चोख आहे की सूर्याला अर्घ्य देणाऱ्या लोकांनी हीच जागा का निवडली असेल, याचा निराळा खुलासा शोधण्याचे कारण उरत नाही. घाटांचा दगड बहुतांशी चुनारचा, वरच्या अंगाला नदीकाठीच असलेल्या खाणींतला, वालुकामय, पिवळट तांबूस. नावेतून आणावयास सोपा आणि छिन्नीला नरम. पायऱ्यांच्या कडा अनवाणी पावलांनी इतक्या गोल झाल्या आहेत की ओल्या पायाने उतरताना भिंतीचा आधार शोधावा लागतो.

तथापि या गोल झालेल्या कडांवरून त्यांच्या वयाचा अंदाज बांधू गेल्यास प्रवासी फसतो. काशी प्राचीन आहे यात शंका नाही; बुद्धाने पहिला उपदेश केला ते सारनाथ येथून हाकेच्या अंतरावर, आणि तेव्हाही काशी नावाजलेलीच होती. पण डोळ्यांसमोर दिसणारी काशी, म्हणजे हे घाट, हे वाडे, ही शिखरे, यांतले फारच थोडे तीनशे वर्षांपलीकडचे आहे. देवळे पुष्कळदा पडली, पुष्कळदा उभी राहिली. विश्वेश्वराचे देऊळ अकबराच्या कारकीर्दीत राजा तोडरमलाच्या साहाय्याने पुन्हा उभारण्यात ज्यांचा पुढाकार होता ते नारायणभट्ट हे पैठणहून काशीस येऊन स्थायिक झालेल्या रामेश्वरभट्टांचे चिरंजीव. प्रयाग, काशी आणि गया या तिन्ही क्षेत्रांच्या विधींवरचा त्यांचा ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ पुढे कित्येक पिढ्या प्रमाण मानला गेला. त्याच सुमारास, 1573 साली, पैठणच्याच नाथांनी आपले भागवत काशीत पुरे केले. तोडरमलाच्या वेळचे ते देऊळ 1669 मध्ये औरंगजेबाच्या हुकुमाने पाडले गेले, आणि त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षे विश्वेश्वराला शिखर असे नव्हतेच.

या शंभर वर्षांतच काशीचा आणि मराठ्यांचा जो संबंध जडला तो मला फार नवलाचा वाटतो. 1735 साली थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेस निघाल्या, तेव्हा ज्यांच्या मुलखातून त्यांची पालखी जावयाची ते राजपूत राजे आणि मोगल सरदार, त्यांतले कित्येक त्यांच्या मुलाचे उघड वैरी, यांनी त्यांचा सन्मान केला आणि वाटेत चोख बंदोबस्त ठेवला. काशी-प्रयाग आपल्या अमलाखाली यावीत ही पेशव्यांची आकांक्षा त्या काळच्या पत्रव्यवहारात पुनःपुन्हा डोकावते. वकील गेले, याद्या झाल्या, वाटाघाटी झाल्या, परंतु अयोध्येच्या नबाबाने ती कधी पुरी होऊ दिली नाही, पानिपताने ती पार मागे रेटली, आणि 1775 मध्ये तर नबाबानेच काशीचा प्रांत कंपनी सरकारच्या हवाली केला. म्हणजे ज्या भूमीवर मराठी राज्याचा महसूल एक दिवसही वसूल झाला नाही, तेथे मराठी राज्याचा पैसा मात्र पिढ्यान्पिढ्या दगडात घातला जात होता. जेथे सनद मिळाली नाही तेथे गवंडी पाठविले. हिशेबी कारभाऱ्याच्या दृष्टीने हा सौदा आतबट्ट्याचा. पण नबाब गेला, कंपनी गेली, पेशवाईही गेली, आणि त्या पायऱ्यांवर स्नान अजून चालू आहे.

या कामाचा पाया घालणाऱ्यांत नारायण दीक्षित पाटणकर, कायगावकर, यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. पेशवे घराण्याला गुरुस्थानी असलेला हा सत्पुरुष 1734 च्या सुमारास काशीस येऊन राहिला आणि दक्षिणेतून आलेल्या ब्राह्मण कुटुंबांसाठी त्याने घाट बांधविले, घरे वसविली. दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट यांच्या आसपासची मराठी वस्ती त्या काळापासूनची. काशीत आपल्याला ‘दक्षिणी’ म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा कानी पडला तेव्हा आपण मुंबईकर कधीपासून दक्षिणी झालो, असे क्षणभर मनात आलेच.

विश्वेश्वराला शिखर मिळाले ते 1780 च्या सुमारास, अहिल्याबाई होळकरांच्या हातून. या बाईंविषयी मराठी माणसाला नवे काय सांगावे! तरी एवढे म्हणावेसे वाटते की, त्यांचे देऊळ पाहून पहिल्यांदा थोडी निराशाच होते. इतक्या मोठ्या नावाच्या मानाने ते लहान आहे, शिखर जेमतेम पन्नास फुटांचे, आणि त्याच्यावरचा सोन्याचा पत्रा महाराजा रणजितसिंहांनी दिलेला, म्हणजे नंतरचा. पण ही निराशा ओसरल्यावर ध्यानात येते की परक्या अमलाखाली, मूळ जागेला लागून मिळाली तेवढ्या जागेत, कोणाशी कज्जा न करता जे बांधता येईल ते बाईंनी बांधले, आणि ते टिकेल असे बांधले. पूर्वी या देवळाकडे जावयाचे म्हणजे आपल्या भुलेश्वराच्या गल्ल्यांनाही ऐसपैस म्हणावे अशा गल्ल्यांतून, गाईच्या शिंगाला आणि फुलवाल्याच्या परातीला चुकवीत जावे लागे. 2021 च्या डिसेंबरात नदीपासून देवळापर्यंत विस्तीर्ण दगडी प्रांगण खुले झाले. त्यासाठी भोवतालची पुष्कळ घरे काढावी लागली, काही घरांच्या पोटात दडलेली जुनी देवळे उघडी पडली. जाणे-येणे सोयीचे झाले हे खरेच. मात्र गल्लीच्या अंधारातून वळता वळता एकाएकी शिखर दिसण्यात जी मौज होती ती या फरसबंद मैदानात राहिलेली नाही, असे माझे मत आहे, आणि त्याबाबत रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या परळच्या एका काकूंशी माझा मतभेद झाला. त्यांच्या गुडघ्यांचे म्हणणे निराळे होते. प्रांगणात अहिल्याबाईंचा पुतळा आहे. काकूंनी त्याला हात जोडले, मग देवाला. गाभाऱ्यात चांदीने मढविलेल्या चौकोनात ते काळे लिंग, त्यावर बेल, दूध आणि हातांची एकच गर्दी. तेथे प्रत्येकाला मिळतात ते तीन-चार क्षण, आणि ते पुरतात.

दर्शन झाले म्हणजे बहुतेक यात्रेकरू दशाश्वमेधावरची सायंकाळची आरती पाहून मुक्कामी परततात. आरती देखणी असते, पण ध्वनिवर्धकांचा गोंगाट मला सोसवला नाही. मी सुचवीन ती वाट दुसरीच. मणिकर्णिकेपासून उत्तरेकडे, नदी उजव्या हाताला ठेवून, चालू लागावे. मणिकर्णिकेवर चिता रात्रंदिवस जळतात. लाकडांच्या उंच राशी, तराजू, दराची घासाघीस आणि पाच पावलांवर क्रिकेट खेळणारी पोरे, हे सारे एकाच नजरेत मावते. चंदनवाडीच्या भिंतीआड मरण झाकून ठेवावयाची सवय झालेल्या मुंबईकराला हा उघडेपणा आधी खुपतो. मग तासाभराने आपण तेथेच उभे राहून चहा पीत आहोत हे त्याच्या लक्षात येते.

मणिकर्णिकेला लागूनच शिंदे घाट. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी तो 1830 च्या सुमारास बांधावयास घेतला. पण दगडाचा भार इतका झाला की खालची जमीन खचली आणि काम बसले. घाटाच्या पायथ्याशी रत्नेश्वर महादेवाचे देऊळ एका अंगाला कललेले, वर्षातले कित्येक महिने अर्धेअधिक पाण्यात, असे उभे आहे. प्रत्येक नावाडी त्याची निराळी दंतकथा सांगतो आणि प्रत्येक कथेत कोणीतरी आईचे ऋण फेडल्याची बढाई मारलेली असते. याच बायजाबाईंनी त्याआधी, 1828 साली, ज्ञानवापीवर दगडी खांबांचा मंडप उभारून दिला. ग्वाल्हेरच्या राजकारणात त्यांच्याविषयी बरेवाईट बोलले गेले आहे; काशीत मात्र त्यांच्या नावे जमेची बाजूच मोठी आहे. पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट, किल्ल्यासारख्या उंच भिंतीचा, आणि आत लक्ष्मीनारायणाचे देऊळ. मग अमृतराव पेशव्यांच्या नावाशी निगडित गणेश घाट, पुढे जटार घाट, ग्वाल्हेर घाट. नावे वाचीत चालावे तर गंगेच्या काठी आहोत की पुण्याच्या एखाद्या जुन्या पेठेत, असा संभ्रम पडावा.

त्यापुढे बालाजी घाट. येथील बालाजीचे देऊळ पेशव्यांच्या आश्रयाने वाढले, पुढे शिंद्यांकडे आले. त्याच्या नौबतखान्यात सनई वाजविण्याचे काम ज्यांच्याकडे होते त्या मामांच्या हाताखाली एक मुलगा शिकला आणि वर्षानुवर्षे याच देवळात रियाज करीत राहिला. तो मुलगा म्हणजे उस्ताद बिस्मिल्ला खाँ. मराठी दौलतीने कोठे कोठे काय पेरले आणि तेथे काय उगवले, याचा हिशेब कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही.

पंचगंगा घाटावर औरंगजेबाच्या काळची मशीद उंचावर उभी आहे. जेथे पूर्वी बिंदुमाधवाचे देऊळ होते तेथे ती बांधली गेली, आणि बिंदुमाधव जवळच्या एका घरवजा देवळात गेला, ज्याची व्यवस्था औंधच्या पंतप्रतिनिधींनी लावली. मशिदीचे उंच मिनार आज नाहीत, पण जुन्या माणसांच्या तोंडी ते ‘माधोराव का धरहरा’ म्हणूनच होते. मशिदीच्या मिनारांना देवाचे नाव चिकटावे यातच काशीचा स्वभाव दिसतो. खाली पायऱ्यांवर अहिल्याबाईंचा म्हणून दाखविला जाणारा दगडी हजारा दीपस्तंभ आहे. कार्तिकी पौर्णिमेला त्याच्या प्रत्येक हातावर पणती लागते.

आणि मग दुर्गाघाट, ब्रह्माघाट. येथे घाट सोडून वर गल्लीत चढावे. नाना फडणविसांचा वाडा येथलाच. गौड सारस्वतांच्या काशीमठाचे मूळ पीठही ब्रह्माघाटावरच, ज्याची शाखा आपल्या वाळकेश्वरी बाणगंगेवर आहे. एका दारातून आत डोकावलो तो चौक, चौकात तुळशीवृंदावन, कठड्यावर वाळत घातलेले नऊवारी लुगडे, आणि स्वयंपाकघरातून फोडणीला घातलेल्या गोड्या मसाल्याचा वास. ज्या उपाध्यायांकडे मी गेलो त्यांचे मराठी शुद्ध होते, परंतु वाक्याचा हेल पूर्णपणे बनारसी. त्यांनी आडनाव विचारले, मग गाव. मी गिरगाव म्हणताच ते हसले.

“गिरगाव हा पत्ता झाला, मालक. गाव सांगा, मूळ गाव.”

कोकणातल्या गावाचे नाव सांगितले तेव्हा त्यांनी लाल कापडात बांधलेली लांबोडकी वही काढली. आतली अक्षरे मोडी. शाई तपकिरी झालेली. माणसामागून माणूस, बापाचे नाव, आजाचे नाव, बरोबरच्या स्त्रियांची नावे, दिलेली दक्षिणा. आमच्या घराण्याची नोंद काही निघाली नाही. शेजारच्या गावच्या एका गृहस्थांची निघाली, आणि तीत विधवा बहिणीला ‘क्षेत्री ठेविले’ असे दोन शब्दांत उरकलेले होते. उपाध्याय ते वाचून थोडे थांबले आणि त्यांनी पान उलटले.

त्या दोन शब्दांमागे काशीचा दुसरा भाग आहे, आणि तो न सांगणे लबाडीचे होईल. पेशवाईपासून पुढे दीडशे-दोनशे वर्षे महाराष्ट्रातल्या कित्येक सुखवस्तू घरांनी आपल्या सोवळ्या बायकांना मोक्षाच्या नावाखाली येथे आणून सोडले; अन्नछत्रातले एक वेळचे जेवण आणि गंगास्नान यांवर त्यांची आयुष्ये संपली. घाट बांधणारे आणि ह्या बायका सोडून जाणारे हे एकाच समाजाचे, पुष्कळदा एकाच घराण्याचे लोक होते. पायऱ्यांचा अभिमान बाळगावा, पण हेही विसरू नये.

विद्येच्या बाबतीत मात्र दक्षिणींचा लौकिक निर्विवाद होता. नारायणभट्टांचे नातू कमलाकरभट्ट यांचा ‘निर्णयसिंधु’ 1612 चा. आजही पंचांगातल्या तिथीचा वाद पडला की त्याचा दाखला निघतो. त्यांचेच पुतणे गागाभट्ट 1674 मध्ये रायगडावर आले आणि शिवछत्रपतींना राज्याभिषेक झाला, म्हणजे काशीची दक्षिणी विद्या महाराष्ट्राच्या उपयोगी पडली ती अशी ऐन वेळी. व्याकरणात नागेशभट्ट काळे, एकोणिसाव्या शतकात सरकारी संस्कृत कॉलेजात गणित आणि ज्योतिष शिकविणारे पुण्याचे बापूदेवशास्त्री, ही परंपरा अखंड चालली. मोरोपंत तांब्यांची मुलगी मनकर्णिका, पुढची झाशीची राणी, जन्मली तीही काशीतच. आणि विसाव्या शतकात ‘आज’ या दैनिकाला घडविणारे बाबूराव विष्णु पराडकर हे काशीत जन्मलेले मराठी गृहस्थ. हिंदी वृत्तपत्रांची भाषा घडविण्यात ज्यांचा हात मोठा, त्यांच्या घरात मराठी बोलली जात होती. ब्रह्माघाटच्या परिसरात भाद्रपदात सार्वजनिक गणपती बसतो तो या वस्तीचा. लालबागच्या मानाने तो अगदीच लहान. पण तेथे मंत्रपुष्पांजली स्पष्ट ऐकू येते.

ही वस्ती आता विरळ होत आहे. मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईकडे येतात, वाड्यांत भाडेकरू आणि पाहुण्यांच्या खोल्या झाल्या आहेत, मोडी वाचणारे हात थकले आहेत. त्या वह्या वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडण्याआधी त्यांची छायाचित्रे तरी घेतली जावीत, ही आपल्या इतिहाससंशोधकांना विनंती. हे काम खर्चाचे नाही, चिकाटीचे आहे.

दुसरी विनंती दादर-गिरगावच्या यात्रा कंपन्यांना. काशी-प्रयाग-गया-अयोध्या अशी सहल आखताना काशीच्या वाट्याला दर्शन, आरती आणि साड्यांचे दुकान एवढेच येते. त्यांतले साड्यांचे दुकान थोडे आखडते घेऊन एक सकाळ ब्रह्माघाट ते मणिकर्णिका या वाटेला द्यावी. पावसाळ्यात मात्र जाऊ नये. तेव्हा गंगा चढते आणि एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जाण्याची खालची वाटच पाण्याखाली जाते. कार्तिक उत्तम. नाव पंचगंगेपर्यंत करावी आणि भाडे आधी ठरवावे.